डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि १८९१ चा संमतिवयाचा वाद

मराठीच्या विद्यार्थ्याला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची पहिली ओळख होते ती भाषेच्या इतिहासात. संस्कृतापासून पाली, प्राकृत आणि अपभ्रंश या टप्प्यांनी मराठीसारख्या आधुनिक भाषा कशा घडल्या, हे त्यांनी १८७७ साली मुंबईत दिलेल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत ध्वनिनियमांच्या आधारे मांडले. संस्कृत शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांना ते त्यांच्या संस्कृतच्या दोन पाठ्यपुस्तकांमुळे ठाऊक असतात, आणि पुण्यात त्यांच्या नावाची संस्था आहे हे तर सर्वांनाच माहीत असते. प्रस्तुत पाठात आपण त्यांचे चरित्र पाहणार आहोत; मात्र त्यात भर दिला आहे तो १८९१ या एका वर्षावर. त्या वर्षी मुलींच्या वयासंबंधीच्या एका विधेयकाने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला होता, आणि त्या गदारोळात या व्याकरणपंडिताला आपले ग्रंथ उघडून बोलावे लागले.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. १८९१ चा कायदा विवाहाचे किमान वय ठरवणारा नव्हता. तो संमतिवयाचा कायदा होता. विवाह कोणत्याही वयात झाला तरी त्याला त्याची हरकत नव्हती. पत्नी बारा वर्षांची होण्यापूर्वी पतीने शरीरसंबंध ठेवला तर तो गुन्हा, एवढेच त्याचे म्हणणे होते. विवाहवयाचा खरा कायदा यायला आणखी अडतीस वर्षे लागली. परीक्षेच्या उत्तरांत या दोहोंची गल्लत वारंवार आढळते, म्हणून हा खुलासा.

मालवण, रत्नागिरी, मुंबई

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. आज मालवण सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले तरी तो जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. भांडारकरांच्या काळी, आणि त्यानंतरही दीर्घकाळ, मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते. वडील गोपाळराव महसूल खात्यात कारकून होते. कुटुंब रत्नागिरीस आले आणि रामकृष्णाला तिथल्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकता आले. बदलीच्या नोकरीचा असा लाभ त्या काळी अनेक कोकणी घरांतील मुलांना मिळाला आहे. वडिलांची बदली नसती तर किती मुले खाडीच्या अलीकडेच राहिली असती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

१८५३ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्याच्या पदवीधरांची पहिली तुकडी १८६२ साली बाहेर पडली, तिच्यात महादेव गोविंद रानडे यांच्यासह भांडारकर होते. संस्कृतचा सखोल अभ्यास मात्र त्यांनी कॉलेजच्या वर्गात बसून केला नाही. जुन्या परंपरेतील शास्त्र्यांजवळ व्याकरण, न्याय आणि अलंकार यांचे ग्रंथ त्यांनी स्वतःच्या कष्टाने वाचले. पारंपरिक शास्त्री ग्रंथ कसा वाचतो आणि युरोपीय विद्वान तो कसा वाचतो, या दोन्ही रीती त्यांच्या ठायी एकत्र आल्या त्या अशा. पुढे वादाच्या वेळी त्यांचा उपयोग झाला.

काही काळ सिंधमधील हैदराबाद येथे मुख्याध्यापक म्हणून काम केल्यावर १८६५ साली ते त्याच पदावर रत्नागिरीच्या शाळेत आले. ज्या शाळेत शिकलो तिचेच मुख्याध्यापक होण्याचे भाग्य त्यांना लाभले. त्या वर्षी रत्नागिरीत आणखी एक मुलगा होता. गंगाधरपंत टिळक या शिक्षकाचा मुलगा बाळ त्या वेळी आठ-नऊ वर्षांचा होता. १८६६ साली वडिलांची बदली पुण्याला झाली आणि टिळकांचे बिऱ्हाड हलले. पंचवीस वर्षांनी हे मुख्याध्यापक आणि हा मुलगा एकाच प्रश्नावर एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा दोघांच्याही हातात संस्कृत ग्रंथच होते.

पुढचा नोकरीचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन, १८८२ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापकपद, मुंबई इलाख्यातील संस्कृत हस्तलिखितांचा शोध, १८८४ चा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ, १८८५ साली जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट आणि १८८६ साली व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेतील सहभाग. हस्तलिखितांचे काम विशेष लक्षात ठेवावे. जो माणूस गावोगावच्या पोथ्या पाहतो, त्याला एक गोष्ट फार लवकर उमगते: ज्याला लोक सरसकट शास्त्र म्हणतात ते एका काळी, एका हाताने लिहिलेले नसते.

सामाजिक मतांच्या बाबतीत ते तरुणपणीच परमहंस सभेच्या संपर्कात आले. जातिभेद मोडू पाहणारी ही मंडळी गुप्तपणे एकत्र येत. पुढे ते प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ झाले. सुधारणेचा त्यांचा आग्रह असा जुना होता. १८९१ मध्ये तो अकस्मात उपटला नाही.

लग्न आणि फलशोभन

त्या काळच्या मराठी उच्चवर्णीय घरांत मुलीच्या आयुष्यात दोन वेगळे प्रसंग येत आणि त्यांना दोन वेगळे शब्द होते. पहिला प्रसंग लग्न. हा शब्द मुळात ज्योतिषातला, राशीच्या उदयाची वेळ सांगणारा. मुहूर्तावरून तो विधीला चिकटला. आठव्या-नवव्या वर्षी लग्न होई, मुलगी सणावाराला सासरी जाई, परत येई. दुसरा प्रसंग ऋतुप्राप्तीनंतरचा. मुलीला न्हाण आले की ऋतुशांती होई आणि गर्भाधानाचा संस्कार केला जाई; त्यालाच फलशोभन म्हणत. त्यानंतर पतिपत्नींचा सहवास सुरू होई. १८९१ चा सगळा वाद या दुसऱ्या शब्दाभोवती झाला.

दोन प्रसंगांमधल्या अंतरात काय होऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. देवरूखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई हिचे लग्न आठव्या वर्षी झाले आणि तीन महिन्यांत ती विधवा झाली. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ती शिकली आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. तीच बाया कर्वे. पण तिच्यासारख्या ज्या अन्य मुलींना शारदा सदन भेटले नाही, त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने पत्नीच्या संमतिवयाची मर्यादा दहा वर्षे ठेवली होती. १८८४ साली मुंबईचे पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन टिपणे प्रसिद्ध केली आणि या प्रश्नाची देशभर चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाचा पती दादाजी भिकाजी याने पत्नीने नांदायला यावे म्हणून दावा लावला होता. आपली संमती नसताना झालेले लग्न आपल्याला बांधत नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. १८८५ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८८७ साली मात्र पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या वैद्यकाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

१८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. पती हरिमोहन मैती तिच्याहून कितीतरी मोठा, प्रौढ माणूस होता. मुलीने दहा वर्षे ओलांडली होती, म्हणून कायद्याने तो बलात्कार ठरला नाही. गंभीर दुखापतीबद्दल त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. देशात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी आपल्या अनुभवातील अशाच घटना सरकारपुढे ठेवल्या. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी मर्यादा दहावरून बारा करणारे विधेयक मांडले. मागणी दोन वर्षांच्या वाढीची होती, एवढीच.

आक्षेप

विरोधकांची मुख्य हरकत अशी होती की प्रथम ऋतुदर्शनानंतर गर्भाधान करणे ही शास्त्राची आज्ञा आहे. बाराव्या वर्षापूर्वी ऋतू आला तर कायदा पाळणारा धर्म मोडेल आणि धर्म पाळणारा तुरुंगात जाईल. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने धर्मात हात न घालण्याचे वचन दिले होते, त्याचा हा भंग आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा विरोध यापेक्षा अधिक गुंतागुंतीचा होता, आणि तो विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यायला हवा. बालविवाह चांगला, असे टिळकांचे म्हणणे नव्हते. १८९० मध्ये त्यांनी स्वतःच असे सुचवले होते की सुधारकांनी मुलींचे लग्न सोळाव्या आणि मुलांचे विसाव्या वर्षापूर्वी न करण्याची प्रतिज्ञा स्वतःपुरती करावी. परकीय सरकारच्या हाती समाजाच्या घरचा कारभार देऊ नये, हा त्यांचा मूळ मुद्दा. एका कायद्याला मान दिली की पुढच्याला अडवता येत नाही, हे राजकीय शहाणपण त्यात होते. परंतु लढा उभारताना त्यांनी शास्त्राचाही आधार घेतला, आणि तिथे त्यांना शास्त्राचा अर्थ सांगण्याची जबाबदारी आली. केसरीतून ही भूमिका घरोघर पोहोचली. पुण्यात सुधारकांची सभा उधळून लावण्यात आली. अशा हवेत ग्रंथांतील सूत्रांबद्दल शांतपणे बोलणे सोपे नव्हते.

भांडारकरांचे टिपण

हिंदू धर्मशास्त्रानुसार विवाहाचे आणि सहवासाचे वय कोणते, या विषयावर भांडारकरांनी १८९१ साली इंग्रजीत एक टिपण प्रसिद्ध केले. त्याचे सामर्थ्य एका साध्या प्रश्नात आहे. शास्त्र काय सांगते, असे सगळे विचारत होते. भांडारकरांनी विचारले, कोणत्या काळचे शास्त्र?

भाषेच्या अभ्यासकाला हा प्रश्न सवयीचा असतो. संस्कृतातील हस्त हा शब्द प्राकृतात हत्थ झाला आणि मराठीत हात झाला. तिन्ही रूपे खरी आहेत, परंतु एका काळची नाहीत. आज आपण हात म्हणतो म्हणून वैदिक ऋषीही हात म्हणत असले पाहिजेत, असे कोणी म्हणत नाही. धर्मग्रंथांच्या बाबतीत मात्र लोक नेमके असेच बोलतात. भांडारकरांनी ग्रंथ काळाच्या क्रमाने लावले आणि प्रत्येक थरात मुलीचे वय काय दिसते ते पाहिले.

सर्वांत जुन्या थरात, ऋग्वेदातील सूर्येच्या विवाहसूक्तात, वधू जाणती स्त्री आहे. त्यानंतरची गृह्यसूत्रे पाहा. घरातील संस्कार कसे करावेत हे सांगणारे हे ग्रंथ आहेत. विवाहानंतर वधूवरांनी तीन रात्री ब्रह्मचर्य पाळावे, जमिनीवर झोपावे, मग सहवास करावा, असे ते सांगतात. काही सूत्रांत ही मुदत बारा रात्रींची किंवा एक वर्षाची सांगितली आहे. चौथ्या रात्रीच्या विधीला चतुर्थीकर्म म्हणतात. आता विचार करा: वधू आठ वर्षांची असेल तर तीन रात्री संयम पाळा या सांगण्याला अर्थ काय उरतो? ज्या गोष्टीची शक्यताच नाही तिच्यावर कोणी निर्बंध घालत नाही. सूत्रकारांच्या डोळ्यांसमोर वयात आलेली वधू होती, हे या नियमावरून सिद्ध होते. सूत्रात वयाचा आकडा कुठेही नाही. तो नियमाच्या पोटात दडलेला आहे. माझ्या मते संपूर्ण वादातील हा सर्वांत देखणा पुरावा आहे, कारण तो कोणा ऋषीच्या उपदेशावर उभा नाही. लिहिणाऱ्याने जे गृहीत धरले, त्यावर तो उभा आहे.

पुढचा थर धर्मसूत्रांचा आणि मनुस्मृतीचा. इथे वारे बदललेले दिसतात. गौतम ऋतुप्राप्तीपूर्वी कन्यादान करायला सांगतो. परंतु तोच गौतम असेही मान्य करतो की पित्याने ते केले नाही तर तीन ऋतुकाळ गेल्यावर कन्येने स्वतः वर निवडावा. मनू ही मुदत तीन वर्षांची देतो, आणि गुणहीन वराला देण्यापेक्षा मुलगी वयात आली तरी आमरण पित्याच्या घरी राहिलेली बरी असेही सांगतो. तोच मनू तीस वर्षांच्या पुरुषाला बारा वर्षांची आणि चोवीस वर्षांच्या पुरुषाला आठ वर्षांची वधूही सांगतो. म्हणजे एकाच ग्रंथात जुनी आणि नवी रूढी शेजारी शेजारी नांदत आहेत. बोलीच्या सीमेवरच्या गावांत जुने आणि नवे रूप एकाच माणसाच्या तोंडी ऐकू यावे, तसे हे आहे.

यानंतरच्या स्मृतींत मोकळीक संपते. याज्ञवल्क्यस्मृतीत मुलीचे वेळेवर दान न करणाऱ्या पित्याला प्रत्येक ऋतुकाळी भ्रूणहत्येचे पातक सांगितले आहे. पराशरस्मृती आठ वर्षांच्या मुलीला गौरी, नऊ वर्षांच्या मुलीला रोहिणी आणि दहा वर्षांच्या मुलीला कन्या म्हणते. त्यापुढे ती रजस्वला, आणि तिला पाहणारे आईबाप पापाचे धनी. एकोणिसाव्या शतकातील लोक ज्याला सनातन धर्म समजत होते तो मुख्यतः या शेवटच्या थरातला होता. विवाह आणि सहवास यांच्यात वर्षांचे अंतर पडले तेव्हाच गर्भाधान हा विवाहापासून सुटा, स्वतंत्र समारंभ झाला. गृह्यसूत्रांच्या काळी तशी गरजच नव्हती. ज्या समारंभासाठी धर्म बुडतो असा आक्रोश चालला होता तो बालविवाहाच्या रूढीतून उपजला होता.

शिवाय पहिल्याच ऋतूला गर्भाधान झाले पाहिजे ही सक्तीही त्यांना ग्रंथांत निरपवाद दिसली नाही. व्यवहारात तर अनेक घरांत ते लांबणीवर पडत असे आणि त्यासाठी कोणी बहिष्कार घालत नसे.

या चर्चेत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, त्याकडे भाषेच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे. तो शब्द नग्निका. वधू नग्निका असावी असे काही गृह्यसूत्रे म्हणतात. शब्दशः अर्थ विवस्त्र. म्हणून पुष्कळांनी तो अर्थ लावला की जिला अजून वस्त्राची लाज कळत नाही अशी लहान मुलगी. हिरण्यकेशी गृह्यसूत्राचा टीकाकार मातृदत्त मात्र याच शब्दाचा अर्थ सहवासाला योग्य झालेली असा करतो. कोकणातील कित्येक घराणी हिरण्यकेशी शाखेची आहेत. म्हणजे जे सूत्र ती आपले म्हणून मिरवतात, त्याचाच टीकाकार बालविवाहाच्या बाजूने बोलत नाही. त्याच सूत्रात वधूला ब्रह्मचारिणी असेही विशेषण आहे, आणि पाच-सात वर्षांच्या मुलीला ते लावण्यात काही स्वारस्य नाही. एका शब्दाचा अर्थ कोशात न शोधता त्याच्या शेजारच्या शब्दांत शोधावा, हा धडा यातून मिळतो. इथे मात्र त्या शब्दावर मुलीच्या शरीराचा प्रश्न टांगलेला होता, हे विसरू नये.

प्रतिवाद

टिळकांनी उत्तर दिले आणि ते हलके नव्हते. प्राचीन काळी काय होते हा इतिहास झाला. आज समाजाला बांधणारे शास्त्र हे उत्तरकालीन स्मृती आणि निबंधग्रंथ यांतले, असा त्यांचा रोख होता. धर्मशास्त्राच्या परंपरेत याला आधार आहे, कारण कलियुगासाठी वेगळे नियम असतात ही कल्पना परंपरेनेच स्वीकारलेली आहे. भांडारकरांची बाजू इतिहास म्हणून बळकट असली तरी धर्माज्ञा म्हणून ती पुरेशी आहे का, ही शंका खरी आहे.

दुसऱ्या बाजूने गोपाळ गणेश आगरकर उभे होते. १८८८ पासून ते सुधारक पत्र चालवीत होते. त्यांच्या दृष्टीने शास्त्रात काय आहे हा प्रश्नच गौण. जे मुलीच्या जिवाला घातक ते घातक, ग्रंथ काहीही म्हणोत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीही प्रजेच्या रक्षणाचे सरकारचे कर्तव्य शास्त्रवचनावर अवलंबून नाही अशी भूमिका घेतली. ही बाजू अधिक स्वच्छ आहे. शास्त्राला साक्षीदार म्हणून बोलावले की उद्या त्याने उलट साक्ष दिली तर काय, हा धोका भांडारकरांच्या मार्गात होताच. ईश्वरचंद्र विद्यासागरांचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. ज्या पराशराच्या आधारे त्यांनी विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा मिळवला, त्याच स्मृतीत गौरी-रोहिणीची वचने आहेत. आणि १८९१ च्या विधेयकाला, गर्भाधानाच्या कारणास्तव, त्याच्या त्या रूपात विद्यासागरांनी पाठिंबा दिला नाही.

मग भांडारकरांनी हा मार्ग का धरला? ज्यांना पटवायचे ते आगरकरांचे वाचक नव्हते. शास्त्र मोडू नका म्हणणाऱ्याला शास्त्रातूनच उत्तर दिल्याशिवाय तो ऐकणार नाही, हे रत्नागिरी-मालवणच्या घरांतून आलेल्या या माणसाला ठाऊक होते. दुर्दैव असे की टिपण इंग्रजीत होते आणि केसरी मराठीत. सूक्ष्म पुरावा सरकारी कचेरीत आणि विद्वानांत पोहोचला, तर धर्म बुडाल्याची हाक बाजारात पोहोचली. मराठी भाषेचा इतिहास सांगणाऱ्या पंडिताने हा वाद मुख्यतः मराठीत लढवला असता तर चित्र थोडे वेगळे दिसले असते, असे मला वाटते.

विद्वानांच्या जगातही शंका निघाल्या. जर्मन धर्मशास्त्रज्ञ ज्यूलियस जॉली यांनी घेतलेल्या आक्षेपांना भांडारकरांनी १८९३ साली जर्मन प्राच्यविद्या नियतकालिकात बालविवाहाच्या इतिहासावर लेख लिहून उत्तर दिले. पुढे पांडुरंग वामन काणे यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात सर्व साधने पुन्हा तपासली, आणि गृह्यसूत्रांच्या काळी वधू वयात आलेली किंवा येण्याच्या बेतात असे, हा निष्कर्ष टिकला. काणेही आपल्याच जिल्ह्यातले, चिपळूणजवळच्या परशुराम परिसरातले.

कायदा झाला

१९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर झाले. त्या वर्षाचा तो दहावा कायदा. फिर्यादी फारच थोड्या झाल्या, कारण घराच्या आतल्या खोलीत काय घडते याची तक्रार बारा वर्षांच्या मुलीने कोणाकडे आणि कशी करावी?

त्याच वर्षी भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. ज्ञातीतून टीका आणि बहिष्कार त्यांना सोसावा लागला. ग्रंथातले मत घरात आणण्याची ही वेळ अनेक सुधारकांवर आली आणि अनेकांनी ती टाळली. खुद्द रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला होता. भांडारकर टाळू शकले असते. आपल्या घरातील मुलींच्या आणि नातींच्या शिक्षणाकडेही त्यांनी लक्ष दिले.

१८९३ साली ते नोकरीतून निवृत्त झाले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात ते होते. मुलींच्या धर्मांतराचा प्रश्न उठल्यावर त्याच वर्षी रानडे आणि ते या मंडळातून बाहेर पडले. १८९५ साली पुण्यात राष्ट्रीय सभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू द्यायची की नाही यावरून मोठा तंटा झाला. परिषद अखेर वेगळ्या जागी भरली आणि तिचे अध्यक्ष भांडारकर होते. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळातील नेमणूक, १९११ साली सर ही पदवी, १९१३ चा वैष्णव आणि शैव संप्रदायांवरील ग्रंथ हे टप्पे येतात. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथेच सिद्ध झाली. उपलब्ध हस्तलिखिते तपासून कोणता श्लोक जुना आणि कोणता नंतरचा हे ठरवण्याचा तो प्रचंड प्रकल्प त्यांच्याच रीतीचा होता. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले.

नंतरचे कायदे

त्याच १९२५ साली दंडसंहितेतील पत्नीसाठीची मर्यादा बारावरून तेरा झाली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी त्याआधीच, १९०४ मध्ये, बालविवाहाला प्रत्यक्ष बंदी घालणारा कायदा केला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र तसा कायदा आला तो १९२९ साली, हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नाने. त्यापूर्वी सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे अध्यक्ष मोरोपंत जोशी हे मराठी गृहस्थ होते. मुलींसाठी चौदा आणि मुलांसाठी अठरा ही मर्यादा १ एप्रिल १९३० पासून लागू झाली आणि त्या तारखेच्या आत लग्ने उरकून घेण्याची देशभर एकच घाई उडाली. कायद्याने लग्न लावणाऱ्यांना शिक्षा सांगितली, पण झालेले लग्न रद्द ठरवले नाही.

१९४९ मध्ये मुलींचे वय पंधरा, १९७८ मध्ये मुलींचे अठरा आणि मुलांचे एकवीस झाले. पण दंडसंहितेतील पतीला दिलेली सवलत वेगळ्याच वेगाने चालली. विवाहाचे वय अठरा झाल्यावरही पत्नीसाठीची मर्यादा पंधराच राहिली. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अठरा असल्याचे मानावे, असा निर्णय दिला.

आपल्यापैकी काहींनी लग्नामुळे तुटलेले शिक्षण या विद्यापीठात पुन्हा जोडले असेल. त्यांना पुढील तरतूद माहीत असणे उपयोगाचे आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार, ज्याचे किंवा जिचे लग्न लहान वयात झाले त्या व्यक्तीला ते रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो, आणि सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ही मुदत राहते. अर्ज करण्याचा हा अधिकार त्या मुलीचा स्वतःचा आहे. रखमाबाईंनी जे म्हणणे १८८४ ते १८८८ ही चार वर्षे मांडले, त्याला आज कायद्यात कलम आहे.